बुलेटची थरथर आणि दोन उलटी वर्तुळे

आम्हाला शाळेत गणित शिकवणारे सर बुलेटवरून येत. १९९०च्या आसपासची गोष्ट. गाडी फाटकाशी येण्याच्या बरीच आधी तिचा आवाज वर्गात पोचत असे आणि गृहपाठ न केलेल्यांना त्यामुळे दोन मिनिटे जास्तीची मिळत. सर कधी इंजिन चालू ठेवून शिपाईमामांशी बोलत उभे राहिले, की आम्ही गाडीच्या आरशात डोकावत असू. आरशात चेहरा दिसत नसे, एक थरथरता डाग तेवढा दिसे. सरांनी मूठ जराशी पिळली की मध्येच एका वेगाला चेहरा क्षणभर स्वच्छ होई आणि पुन्हा विरघळे. "आरशात बघायचं तर आधी गाडी बंद करावी," असे सर हसून म्हणत. नंबरप्लेटचे बोल्ट आवळणे हा त्यांचा रविवारचा ठरलेला कार्यक्रम होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये बाजारात आलेली नवी बुलेट ३५० दिसायला बरीचशी सरांच्या गाडीसारखीच आहे. तिच्या आरशात मात्र चेहरा दिसतो. तिच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या शेजारी एक जादा दांडा बसवलेला आहे. त्याला बॅलन्सर शाफ्ट म्हणतात. तो गाडी ओढत नाही, तेल फिरवत नाही, वीजही निर्माण करत नाही. एका बाजूला मुद्दाम जड केलेला हा दांडा क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने नुसता फिरत राहतो. त्यामागची कल्पना १८९५ मध्ये एका इंग्रज इंजिनिअरने प्रत्यक्ष धातूत उतरवली होती. उपाय हाताशी होता, त्याचे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल असे होते, तरी तो बुलेटपर्यंत पोचायला सव्वाशे वर्षे लागली. आम्हाला या विलंबाचे कुतूहल अधिक आहे. पण आधी थरथर कुठून येते ते पाहू.

एक-सिलिंडर इंजिनात एकच दट्ट्या वर-खाली होतो. प्रत्येक टोकाला त्याला थांबवून उलट फिरवावे लागते. त्यासाठी क्रँकशाफ्ट त्याच्यावर बल लावतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढेच बल उलट दिशेने इंजिनाच्या सांगाड्यावर येते. हे बल किती मोठे असते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. जुन्या ३५० सीसी बुलेटमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर होती. म्हणजे क्रँकची त्रिज्या ४५ मिलिमीटर. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर कोनीय वेग सेकंदाला सुमारे ४१९ रेडियन होतो. त्याचा वर्ग करून त्रिज्येने गुणा. दट्ट्याचे कमाल त्वरण येते सेकंद-वर्गाला सुमारे ७,९०० मीटर, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या आठशे पट! दट्ट्या, त्याची पिन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो धरला, तर बल जवळजवळ ४०० किलोच्या वजनाइतके होते. ते एका सेकंदात ६७ वेळा वर आणि ६७ वेळा खाली ओढते.

मग गाडी उडी का मारत नाही? कारण बल एका दिशेला साडेसात मिलिसेकंदच टिकते. गाडी, चालक आणि इंधन मिळून २५० किलो एकसंध आहेत असे मानले, तर वस्तुमानकेंद्राच्या हिशेबाने अर्ध्या किलोच्या ४५ मिलिमीटर हालचालीला २५० किलोची ०.०९ मिलिमीटर हालचाल उत्तर देते. वहीच्या एका पानाच्या जाडीएवढीच. गंमत अशी, की या हिशेबात वेग कुठेच येत नाही. इंजिन हळू फिरो की जोरात, हालचाल तेवढीच राहते. पण तीच हालचाल दुप्पट वेगाने होऊ लागली की त्वरण चौपट होते, आणि बोल्ट सैल करणारे, हाताला मुंग्या आणणारे ते त्वरणच. (प्रत्यक्षात आरसा, मडगार्ड, हँडल यांना स्वतःच्या नैसर्गिक वारंवारता असतात. एखादी जुळली की तो भाग कितीतरी जास्त हलतो. सरांच्या आरशातला चेहरा मध्येच का स्पष्ट होई, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी शोधावे.)

पानाच्या जाडीएवढी हालचाल क्षुल्लक वाटेल. पण आपल्या तळहातातील पॅसिनियन संवेदके सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांच्या पट्ट्यात मायक्रोमीटरहूनही लहान हालचाल ओळखतात. कंपने हाताला इजा करतात हे १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणकामगारांत दाखवले. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे वापरणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरीफटक आणि बधिर होत. हातोडा आणि मोटारसायकलची मूठ यांची सरळ तुलना करू नये. तरी दिवसाचे आठ-दहा तास मोटारसायकलवर काढणाऱ्या कुरिअरवाल्याला, दूधवाल्याला किंवा फिरत्या विक्रेत्याला संध्याकाळी बोटांत मुंग्या येतात, तेव्हा हा प्रश्न चैनीचा राहत नाही.

या थरथरीवरचा सर्वांत जुना उपाय म्हणजे प्रतिभार. क्रँकपिनच्या समोरच्या बाजूला जाड लोखंड ठेवायचे. दट्ट्या वर असताना प्रतिभार खाली, दट्ट्या खाली तर प्रतिभार वर. प्रथमदर्शनी प्रश्न सुटला असे वाटते. पण दट्ट्या सरळ रेषेत जातो आणि प्रतिभार वर्तुळात. अर्ध्या वाटेवर दट्ट्या मधोमध असतो, तेव्हा त्याचे जडत्वाचे बल जवळजवळ शून्य असते आणि प्रतिभार मात्र आडवा पसरून इंजिनाला पुढे-मागे ओढत असतो. दट्ट्याच्या पूर्ण वस्तुमानाएवढा प्रतिभार लावला, तर उभी थरथर जाऊन तेवढीच आडवी येते.

हा सौदा मोटारसायकलींच्या आधी आगगाडीच्या इंजिनिअरांनी अनुभवला होता. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर बहुधा आडवे असत, त्यामुळे इंजिन पुढे-मागे हिसके देई आणि रुळांवर डोलत जाई. लुई ले शातेलिए या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्ये धावत्या इंजिनांच्या स्थैर्यावर अभ्यास प्रसिद्ध केला आणि चाकांत किती प्रतिभार घालावा हे गणिताने मांडले. (रसायनशास्त्राच्या तासाला समतोलाचे तत्त्व ज्यांच्या नावाने शिकवतो, त्या हेन्री ले शातेलिए यांचे हे वडील. समतोलाचा ध्यास घराण्यातच असावा!) दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जुन्या इंजिनांच्या मोठ्या चाकांत चंद्रकोरीसारखा भरीव भाग दिसतो, तो हाच प्रतिभार. पण इंजिनाचे हिसके कमी करणारी ही चंद्रकोर दर फेऱ्याला रुळावर उभा ठोसा मारी. पुलांना तो इतका जाचक ठरला, की ब्रिटनमध्ये १९२३ मध्ये सर आल्फ्रेड यूइंग यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती नेमावी लागली. १९२८च्या तिच्या अहवालात पुलांवर पडणाऱ्या धक्क्यांचे एक मोठे कारण म्हणून या ठोशांकडे बोट दाखवले होते.

एक-सिलिंडर मोटारसायकलींतही तोच सौदा झाला. दट्ट्याच्या वस्तुमानाच्या साधारण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत प्रतिभार ठेवायचा आणि उरलेली थरथर उभ्या-आडव्या दिशांत वाटून टाकायची. चौकट कोणती दिशा जास्त सोसते, ते पाहून प्रमाण ठरे. सरांच्या बुलेटची थरथर म्हणजे अशी वाटून उरलेली शिल्लक होती.

या शिल्लकीकडे नीट पाहिले की पुढचा उपाय दिसतो. तो समजण्यासाठी शाळेच्या मैदानावर एक प्रयोग करावा. चुन्याने एक मोठे वर्तुळ आखा आणि त्याचा एक व्यासही आखा. व्यासाच्या एका टोकाला दोन मुलांना उभे करा. शिट्टी वाजताच एकाने वर्तुळावरून उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे, दोघांनी सारख्याच वेगाने चालायचे. तिसऱ्या मुलीने सतत त्या दोघांच्या बरोबर मध्ये राहायचे. दोघे वर्तुळे काढतात, पण मधली मुलगी व्यासाच्या रेषेवरून सरळ जाते आणि सरळ परत येते. टोकांपाशी तिची गती मंद होते आणि मधून जाताना वाढते. पुस्तकातली सरल आवर्त गती ती हीच. म्हणजे सरळ रेषेतली मागे-पुढे हालचाल ही दोन सारख्या, परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या वर्तुळगतींची बेरीज असते.

वर्तुळांतून सरळ रेषा काढण्याची ही युक्ती खगोलशास्त्रात फार जुनी आहे. इराणातील मराघा वेधशाळेचे नासिरुद्दीन तुसी यांनी तेराव्या शतकात ग्रहगतीसाठी ती वापरली, आणि १५४३ मधल्या कोपर्निकसच्या ग्रंथातही ती आहे. आपल्या डोक्यावरच्या पंख्यातही ती दडलेली आहे. एका फेजच्या विजेने निर्माण होणारे, नुसते मागे-पुढे होणारे चुंबकीय क्षेत्र म्हणजे उलटसुलट फिरणारी दोन क्षेत्रे. म्हणूनच कंडेन्सर गेलेला पंखा नुसता गुणगुणतो, आणि हाताने ज्या दिशेला ढकलावा त्या दिशेने निघतो.

आता इंजिनाकडे येऊ. दट्ट्याचे वर-खाली बल म्हणजे निम्म्या-निम्म्या लांबीचे दोन बाण, एक क्रँकच्या दिशेने फिरणारा, दुसरा उलट. क्रँकवर दट्ट्याच्या निम्म्या वस्तुमानाएवढा प्रतिभार ठेवला, की पहिला बाण पूर्ण पुसला जातो. उरतो फक्त उलटा बाण. म्हणजे निम्मा प्रतिभार असलेली बुलेट खरे तर वर-खाली थरथरतच नाही. आपल्याच इंजिनाच्या उलट दिशेने ती एक इवलेसे वर्तुळ काढत असते, आपल्या आकड्यांप्रमाणे ०.०४५ मिलिमीटर त्रिज्येचे. हे वर्तुळ पुसायला उलट दिशेनेच फिरणारे वजन हवे. क्रँकशाफ्टच्या गिअरला तेवढ्याच दातांचा दुसरा गिअर जोडला, की तो आपोआप त्याच वेगाने आणि उलट दिशेने फिरतो. त्या दांड्यावर बाकीच्या निम्म्याचा प्रतिभार ठेवा. झाला बॅलन्सर.

हे सारे फ्रेडरिक लँचेस्टर यांना स्वच्छ दिसले होते. १८६८ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या माणसाने १८९५ मध्ये आपली पहिली मोटार बांधायला घेतली आणि पुढच्या वर्षी ती रस्त्यावर आणली. तिचे इंजिन एक-सिलिंडर, १,३०६ सीसीचे, पाच अश्वशक्तीचे होते. पण एकाच दट्ट्याला दोन कनेक्टिंग रॉड होते आणि ते दोन वेगळे क्रँकशाफ्ट, दोन वेगळ्या फ्लायव्हीलसह, परस्परविरुद्ध फिरवत. एकाने आडवे ओढले की दुसरा तेवढेच उलट ओढे. दट्ट्याला सिलिंडरच्या भिंतीवर ढकलणारे आडवे बलही नाहीसे झाले, आणि इंजिनाला वळवू पाहणारे टॉर्कचे उत्तरही. आम्हाला ही रचना बॅलन्सरपेक्षाही देखणी वाटते, कारण तिच्यात उपाय बाहेरून जोडलेला नाही. इंजिनच उपाय आहे.

लँचेस्टर एवढ्यावर थांबले नाहीत. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे दट्ट्याची गती शुद्ध सरल आवर्त नसते. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या चौपट असेल, तर वरच्या टोकाचे त्वरण आपण काढले त्याच्या सव्वापट आणि खालच्या टोकाचे पाऊणपट असते. या फरकातून दुप्पट वारंवारतेची दुय्यम थरथर निर्माण होते. चार सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनात मुख्य बले एकमेकांना खोडतात, पण दुय्यम बले चक्क एकत्र होतात. त्यासाठी लँचेस्टर यांनी क्रँकच्या दुप्पट वेगाने, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या दोन दांड्यांची योजना केली. तीच लँचेस्टर बॅलन्सर म्हणून ओळखली जाते. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग हे त्यांच्या मोटारींचे सुरुवातीचे एक ग्राहक होते. विमानविद्येवर पायाभूत ग्रंथ आणि युद्धाचे गणित लिहिणारे लँचेस्टर १९४६ मध्ये वारले. शेवटची वर्षे त्यांनी आर्थिक ओढाताणीत काढली.

मग मोटारसायकलवाल्यांनी ही कल्पना का उचलली नाही? अज्ञान हे कारण नव्हते. बल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून मंद फिरणाऱ्या जुन्या इंजिनात ते सोसण्याइतके होते. पुढे वेग वाढले, पण दट्टे लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचे झाल्याने काही वाढ भरून निघाली. शिवाय जादा दांडा म्हणजे जादा बेअरिंगे, जादा गिअर, त्यांची घरघर, थोडी वाया जाणारी शक्ती आणि वाढलेली किंमत. मोटारसायकल हे गरिबाचे वाहन. त्यात कंपने सोसणे मर्दपणाचे मानले जाई, हेही कारण आम्ही गंभीरपणे धरतो.

ज्यांना थरथर नको होती, ते दुसऱ्या वाटेने गेले. १९३७ मध्ये ट्रायम्फने आणलेल्या स्पीड ट्विनमध्ये दोन सिलिंडर होते. पण दोन्ही दट्टे एकदमच वर आणि एकदमच खाली जात. त्यामुळे स्फोट समान अंतराने होत आणि इंजिन गोड चाले, मात्र जडत्वाच्या बलाचा हिशेब एक-सिलिंडरसारखाच राहिला! अशी जुळी इंजिने मोठी आणि वेगवान होत गेली, तसे त्यांचे हादरे कुप्रसिद्ध झाले. नॉर्टनने १९६७ मध्ये कमांडो गाडीत इंजिन रबरावर टांगले. थरथर तशीच राहिली, फक्त चालकापासून अलग झाली. ती युक्ती चतुर होती, पण आमच्या मते तो पराभवच होता.

दांडा परत आला तो जपानमधून, आणि त्याची सुरुवात अडखळत झाली. यामाहाने १९७२ मध्ये टीएक्स ७५० या जुळ्या सिलिंडरच्या गाडीत साखळीने फिरणारे बॅलन्सर दिले. गाडी खरोखर मऊ चाले. पण जास्त वेगात फिरणारी वजने इंजिनातल्या तेलाला घुसळून त्याचा फेस करीत. फेसाळलेले तेल बेअरिंगांना पुरेसे मिळेना आणि इंजिने निकामी होऊ लागली. पुढे सुधारणा झाल्या, पण गाडीचे नाव गेले ते गेलेच. कागदावर निर्दोष असलेल्या कल्पनेला तेलासारख्या साध्या गोष्टीने अडवावे, हे अभियांत्रिकीत वरचेवर घडते. १९७४ मध्ये कावासाकीने ४०० सीसीच्या जुळ्या इंजिनात बॅलन्सर बसवला. १९७५ मध्ये मित्सुबिशीने मोटारींच्या चार-सिलिंडर इंजिनासाठी लँचेस्टरचे दुप्पट वेगाचे दांडे नव्या मांडणीत 'सायलेंट शाफ्ट' या नावाने आणले. पुढे पोर्शेसारख्या कंपनीने त्यांचा परवाना घेतला.

एक-सिलिंडर गाड्यांची पाळी त्यानंतर आली. यामाहाच्या एक्सटी ५००ने १९७६च्या सुमारास मोठ्या एक-सिलिंडर इंजिनाची हौस पुन्हा जागवली. बॅलन्सर नसलेल्या या गाडीने १९७९ मधली पहिली पॅरिस-डाकार शर्यतही जिंकली. पण त्याच सुमारास होंडाने एक्सएल २५० आणि ५०० या गाड्यांत दोन-दोन बॅलन्सर दिले. दोन कशाला? एकच दांडा क्रँकच्या पुढे बसवला, तर बले खोडली जातात, पण ती एका रेषेत नसल्याने बलयुग्म उरते आणि इंजिन किंचित डुलते. क्रँकच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा ठेवला, की डुलणेही थांबते. बहुतेक उत्पादक आजही एकाच दांड्यावर भागवतात, कारण उरलेले डुलणे सहन होते. डुकाटीने १९९३ च्या सुपरमोनो या शर्यतीच्या गाडीत तर दांडाच नाकारला. तिथे दुसऱ्या सिलिंडरच्या जागी एक तरफ होती आणि दुसरा कनेक्टिंग रॉड तीच हलवी. हा बिनदट्ट्याचा दुसरा सिलिंडरच म्हणायचा. अशा गाड्या मोजक्याच बनल्या.

भारतात बुलेटचे इंजिन या सगळ्या काळात जागचे हलले नाही. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया स्थापन झाली, इंग्लंडमधला मूळ कारखाना १९७० पर्यंत बंद पडला, पण ७० बाय ९०चे माप टिकून राहिले. २००८-०९ मध्ये नव्या बांधणीचे इंजिन आले, त्यातही तेच माप होते आणि बॅलन्सर नव्हता. परवाना-पद्धतीच्या काळात ग्राहकाला निवडच नव्हती, त्यामुळे नवे इंजिन आखण्याची निकडही नव्हती. नंतर मात्र चौपदरी रस्ते झाले, ताशी ८०-९० किलोमीटरने तासन्‌तास जाणे शक्य झाले, आणि स्पर्धा वाढली. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या, २०१३ मध्ये आलेल्या केटीएम ड्यूक ३९०च्या एक-सिलिंडर इंजिनात बॅलन्सर होता. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनमध्ये २०१६ साली आणि ३५० सीसीच्या नव्या इंजिनात २०२० साली तो आला. ते इंजिन आधी मीटिअरला, २०२१ मध्ये क्लासिकला आणि शेवटी २०२३ मध्ये बुलेटला मिळाले. त्याचे माप ७२ बाय ८५.८. आधीच्या इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला ५,२५० फेऱ्यांना मिळे, याची ६,१०० फेऱ्यांना. दट्ट्या तेवढाच जड धरला, तर जडत्वाचे बल सुमारे १.३ पट होते. म्हणजे हे इंजिन बॅलन्सरशिवाय आधीच्यापेक्षाही जास्त थरथरले असते.

नव्या बुलेटचा आत्मा हरवला, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली आहे. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते असे आम्हाला वाटते. थरथर दट्ट्याच्या जडत्वाची असते आणि दर फेऱ्याला एकदा येते. बुलेटची 'धक-धक' ही सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या स्फोटांची, आणि चार-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो. मिनिटाला १,००० फेऱ्यांवर सेकंदाला आठ स्फोट होतात, ते कान सुटे सुटे मोजू शकतो. साधारण वीसच्या पुढे ते मिसळून एकच घुमणारा स्वर होतो. बॅलन्सर या स्फोटांना स्पर्शही करत नाही. स्फोटाबरोबर क्रँकभोवती इंजिनाला बसणारा धक्काही तो काढत नाही. ज्याला आत्मा म्हणायचे तो या धक्क्यात असेल, तर तो जागेवर आहे. बोल्ट सैल होण्यात असेल, तर मात्र गेला.

बॅलन्सर बसवताना त्याच्या गिअरवरची ठिपक्याची खूण क्रँकच्या गिअरवरच्या खुणेशी जुळवावी लागते. आमच्या एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलचे इंजिन एका गॅरेजमध्ये उघडून पुन्हा जोडले, तर गाडी पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागली. मिस्त्रींनी दोन दिवस इंजिनाच्या बोल्टांना, चेनला आणि पेट्रोललाही दोष दिला. शेवटी झाकण पुन्हा उघडले आणि खाली बघत ते म्हणाले, "साहेब, खूण हुकली." किती हुकली होती ते आम्ही विचारले नाही. पण गणित करून पाहावे. गिअरला ४० दात असतील, तर एक दात हुकणे म्हणजे ९ अंश, आणि त्यामुळे खोडायच्या बलाचा सुमारे १६ टक्के भाग उरतो. अर्धा फेरा हुकला, तर बॅलन्सर थरथर खोडण्याऐवजी त्या उलट्या वर्तुळाची त्रिज्या दुप्पट करतो.

हे सारे शाळेत मोजता येते. स्मार्टफोनमधील त्वरणमापकाचे आकडे आणि वर्णपट दाखवणारे, आखेन विद्यापीठात तयार झालेले फिफॉक्स हे ॲप विनामूल्य मिळते. गाडी मेन स्टँडवर, मोकळ्या जागी उभी करून इंजिन मंद चालू ठेवावे. फोन कापडात गुंडाळून काही सेकंद हाताने सीटवर दाबून धरावा. तो हँडलला बांधू नये. दीर्घकाळच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरक यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलींचे नाव घेऊनच दिला होता. मिनिटाला १,२०० फेरे असतील, तर वर्णपटात २० हर्ट्झला एक उंचवटा शोधा, तो जडत्वाचा. १० हर्ट्झला दुसरा, तो स्फोटांचा. ४० हर्ट्झला लँचेस्टरने ओळखलेली दुय्यम थरथर दिसते का पाहा. मात्र स्फोटांचे पटीतले स्वरही तिथेच येतात, तेव्हा निष्कर्षाची घाई नको. गावात एखादी जुनी बुलेट आणि एखादी नवी मिळाली, तर दोघींवर हीच मोजणी करून दोन्ही वर्णपट फळ्यावर शेजारी शेजारी काढावेत, आणि कोणता आलेख कोणत्या गाडीचा हे मुलांना ओळखायला सांगावे.